मदत हवी आहे: क्रोन्स, जेजुनोस्टोमी आणि पिशवीतून रोज ३ लिटर

धागाकर्ता
रुग्ण माझा भाऊ, वय ३४. क्रोन्समुळे (आतड्याला सूज आणणारा दीर्घ आजार) लहान आतडं दोनदा कापावं लागलं, दुसरी शस्त्रक्रिया १० आठवड्यांपूर्वीची. ऑपरेशनच्या नोंदीत ११० सेमी जेजुनम (लहान आतड्याचा मधला भाग) उरल्याचं लिहिलंय. त्याचं तोंड पोटावर काढलंय (हीच जेजुनोस्टोमी), त्यावर पिशवी लावलीय. मोठं आतडं आत शाबूत आहे, पण जोडलेलं नाही.

या आठवड्याचे आकडे: पिशवीतून रोज ३ ते ३.२ लिटर, लघवी जेमतेम ४५० मिली. लघवीतलं सोडियम ८ मिमोल/लिटर, रक्तात पोटॅशियम ३.१, मॅग्नेशियम ०.५, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी तपासणी) चढतंय. तहान भागत नाही म्हणून रोज ४ लिटर पाणी. लोपेरामाइड (आतड्याची गती मंदावणारं) २ मिग्रॅ जेवणानंतर तीनदा, शिवाय ओमेप्राझोल (आम्ल कमी करणारं).

याला इंटेस्टिनल फेल्युअर (आतडं निकामी होणं) म्हणायचं का? पाणी वाढवायचं की कमी करायचं? आणि मोठं आतडं जोडून भागेल का?

मीठभाकर
कमी. पण आधी रुग्णालय, आणि आजच. क्रिएटिनिन चढतंय आणि लघवीत सोडियम २० च्या खाली आहे, म्हणजे शरीर मिठाच्या खडखडाटावर आलंय. हे घरी निस्तरायचं काम नाही.

जेजुनमचं अस्तर गळकं असतं. आत आलेल्या द्रवात सोडियम साधारण ९०-१०० मिमोल/लिटर होईपर्यंत ते रक्तातलं सोडियम आत सोडत राहतं. साधं पाणी, चहा, फळांचा रस, सगळ्यांत सोडियम नगण्य. म्हणून जितकं पाणी तितकी पिशवी भरते, मीठ जातं आणि तहान वाढते. तुमच्या ४ लिटरचा हिशेब नेमका इथे लागतो.

रुग्णालयात सहसा २४-४८ तास तोंडाने काही न देता शिरेतून नॉर्मल सलाईन देतात. तहान मोडते ती यानेच. त्यानंतर साधे पेय दिवसभरात ५०० मिली, फार तर १ लिटर. बाकीची तहान ग्लुकोज-मिठाच्या द्रावणावर. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयाची कृती: १ लिटर पाण्यात ग्लुकोज २० ग्रॅम, मीठ ३.५ ग्रॅम, खाण्याचा सोडा २.५ ग्रॅम. चमच्याने नको, काट्यावर मोजा. थंड करून घोट घोट, दिवसभरात १ लिटर. चव भयंकर असते, हे त्याला आधीच सांगून ठेवा.

पोटॅशियमच्या गोळ्यांच्या मागे लागू नका. मीठ कमी पडलं की अल्डोस्टेरॉन (मीठ धरून ठेवणारं संप्रेरक) वाढतं आणि मूत्रपिंड पोटॅशियम फेकतं. मॅग्नेशियम कमी असेपर्यंतही ते वर येत नाही. क्रम असा: आधी मीठ-पाणी, मग मॅग्नेशियम. पोटॅशियम बऱ्याचदा मागोमाग सुधारतं.

गोळीबाज
लोपेरामाइडची वेळ चुकतेय. जेवणाआधी अर्धा तास हवं. अशा रुग्णांत ४ मिग्रॅ चार वेळा ही सुरुवातीची सर्वसाधारण मात्रा, पण पोटॅशियम-मॅग्नेशियम इतकं खाली असताना ईसीजी पाहिल्याशिवाय वाढवू नये. हृदयाची लय बिघडू शकते. पिशवीत अख्ख्या गोळ्या-कॅप्सूल दिसतात का तेही बघा. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या इतक्या आखूड आतड्यात वाया जातात. बी१२ कायम इंजेक्शननेच, कारण ते शोषणारा इलियमचा (लहान आतड्याचा अखेरचा भाग) शेवटचा तुकडा गेलाय.

मला खटकतं ते वेगळंच. ११० सेमीला रोज ३ लिटर जरा जास्तच आहे. पाणी हे एक कारण झालं, पण पोटात गळू, अर्धवट अडथळा, सी. डिफिसिल या आतड्यातल्या जिवाणूचा संसर्ग, क्रोन्स पुन्हा भडकणं, स्टेरॉइड अचानक बंद होणं, हे सगळं तपासायलाच हवं. सीटी करून घ्या. गळू असेल तर त्याचा निचरा होईपर्यंत बायोलॉजिक (क्रोन्ससाठीचं प्रतिकारशक्ती दाबणारं इंजेक्शन) सुरू करू नये.

अंतरपाट
नावाबद्दल: शिरेतून पोषण किंवा द्रव दिल्याशिवाय भागत नसेल तरच इंटेस्टिनल फेल्युअर. काही आठवडे-महिने चाललं तर टाइप २, कायमचं झालं तर टाइप ३. तोंडाने भागत असेल तर ती नुसती इंटेस्टिनल इन्सफिशियन्सी. भावाचा आत्ताचा आजार टाइप २ कडे झुकतोय, पण त्यावर कायमचा शिक्का मारायची घाई नको.

जोडण्याबद्दल आशा धरायला हरकत नाही. जेजुनोस्टोमीत साधारण १०० सेमीच्या खाली सलाईन किंवा शिरेतून पोषण लागतं; मोठं आतडं जोडलेलं असेल तर ही सीमा ६० च्या आसपास येते. मोठं आतडं पाणी-मीठ तर परत ओढतंच, शिवाय न पचलेल्या कर्बोदकांमधून ऊर्जाही मिळवतं. मात्र संसर्ग निपटून वजन सावरेपर्यंत, सहसा शेवटच्या शस्त्रक्रियेनंतर ६ महिने तरी, पोट उघडत नाहीत. चिकटलेली आतडी सोडवताना नवी भोकं पडतात आणि उरलेले सेंटिमीटरही जातात. जोडल्यावर ऑक्सलेटचे मूतखडे होऊ शकतात, तो पथ्याचा विषय तेव्हाचा.

मधल्या काळात सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) लागली, तर एकच गोष्ट घोकून ठेवा: शिरेतून द्यायच्या द्रवाची पिशवी जोडल्यावर थंडी वाजून ताप आला की ती थांबवायची आणि तडक रुग्णालय गाठायचं. लाइनमधून आणि हातातून, दोन्हीकडचं रक्त कल्चरला (जंतू शोधायच्या तपासणीला) गेल्यावरच अँटिबायोटिक.

धागाकर्ता
आभार. निघतोच आहोत. ओआरएसचं तयार पाकीट चालेल का?

मीठभाकर
त्यात सोडियम ७५ आहे, जरा कमी पडतं. लिटरमागे १ ग्रॅम मीठ घातलं की ९२ होतं. पण पाकिटात पोटॅशियमही असतं, तेव्हा क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवूनच सुरू करा.