मेणवलीच्या घाटावरची चर्चची घंटा: पाटी लावायची की गप बसायचं?

कृष्णाकाठचा:
वाईपासून मेणवली जेमतेम तीन किलोमीटर. लोक नाना फडणवीसांचा वाडा बघतात, मागच्या दारानं घाटावर उतरतात, मेणेश्वराजवळची ती दांडगी घंटा दोनदा बडवतात, रील काढतात आणि मिसळ खायला वाईला पळतात. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहे, 1707 साल आहे, ते किती जण बघतात? वसईच्या चर्चची घंटा आहे ती, चिमाजी अप्पांनी मे 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली तेव्हाची. माझं म्हणणं सरळ आहे, तिथं लांबून वाचता येईल अशी मोठी मराठी पाटी लावा, कुठली, कुणाची, कशी आली, सगळं लिहून.

पसरणीकर:
कशाला उकरायचं? देवाच्या दारात वाजती म्हणजे देवाची घंटा, संपला विषय. आज पाटी लावाल, उद्या एक जण येऊन म्हणणार काढून टाका, परवा दुसरा म्हणणार परत द्या, आणि निस्तरायचं कुणी, तर गावानं. तुम्ही पोस्ट टाकून मोकळे.

जावळीचा_वाघ:
परत कशाला द्यायची?? जिंकलेली आहे राव. एकटी मेणवलीच नाही, नाशिकला नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, अष्टविनायकात पालीला पण वसईच्याच घंटा आहेत. दोन वर्षं मोहीम चालली, वसईच्या तटाखाली हजारो पोरं पडली. पाटी लावाच, पण त्यात विजय ठळक पाहिजे, आणि नानांनी आणली हेही लिहा.

कृष्णाकाठचा:
वाघोबा, नानांचा जन्म 12 फेब्रुवारी 1742 चा, आपल्या साताऱ्यातच. वसई पडून तीन वर्षं होत आली होती तेव्हा. नानांनी आणली कुठून? ती पेशव्यांकडे आली 1739 ला, घाट-वाडा झाला कितीतरी वर्षांनी. म्हणून तर पाटी पाहिजे म्हणतोय, नाहीतर जो तो आपापली गोष्ट सांगत सुटतो.

निर्मळची_लेक:
मी वसईची, सासर कराडचं. आधीच सांगते, आम्हाला घंटा परत नकोय, घाबरू नका. पण विजय विजय करताना ती आधी कुठल्या जागी होती ते पण लिहा ना. वसईच्या किल्ल्यात सेंट जोसेफ चर्चचा बुरुज अजून उभा आहे, आत दगडी गोल जिना, 1601 साली चर्च नव्यानं बांधल्याचा शिलालेख आहे. छप्पर लाकडाचं, ते कधीच गेलं, म्हणून आत उभं राहिलं की वर सरळ आभाळ दिसतं. अशा बुरुजाच्या वरच्या कमानीत घंटा टांगायच्या आणि खालून दोर ओढायचा. आवाज शेतापर्यंत, होड्यांपर्यंत जायला हवा म्हणून एवढी उंची. सकाळ, दुपार, संध्याकाळ प्रार्थनेची घंटा व्हायची, गावात कोणी गेलं तर वेगळी. तिच्यावर गावाचा दिवस चालायचा हो. घाटावर ती हाताला येईल एवढी खाली आलीय, म्हणून पर्यटकांना ती खेळणं वाटते.

पसरणीकर:
ताई तुमचं पटतंय, पण हे सगळं तुम्ही वसईला लिहा की. इथं माणूस पाय धुवायला आन दर्शनाला येतो.

मध्येच_एक:
माझ्या मते म्युझियममध्ये ठेवा. पंचधातूची घंटा उघड्यावर, लोक दगडानं वाजवतात, एक दिवस तडकणार.

कृष्णाकाठचा:
पंचधातू वगैरे गाईडचं. युरोपातल्या घंटा म्हणजे कासं, तांबं साधारण चार भाग आणि कथील एक भाग, म्हणूनच खणखणीत वाजते आणि म्हणूनच बाहेरून घाव घातला तर तडकायची भीती. दगड मारू नका हे पाटीवर पहिल्या ओळीत पाहिजे, मान्य. पण म्युझियमचं नाव काढू नका. नानांचं मेणवली दप्तर, म्हणजे जुने कागद, इतिहास-संशोधक पारसनीसांनी जमवलं, ते साताऱ्याच्या संग्रहालयात आलं, तिथून 1939 ला पुण्याला डेक्कन कॉलेजात. कागद टिकले हे खरं, पण आता ते बघायला आमच्या पोरांनी पुण्याला जायचं. घंटा तरी राहू द्या की घाटावर.

जावळीचा_वाघ:
हे बाकी बरोबर. पण ताई, पोर्तुगीजांनी तिकडं देवळं पाडली ते पण लिहायचं का मग पाटीवर? का फक्त आमचंच लिहायचं?

निर्मळची_लेक:
लिहा ना, कोण नको म्हणतंय. वसईजवळच्या आमच्या निर्मळलाच देऊळ पण आहे आणि चर्च पण आहे, आम्हाला दोन्हीकडचं माहितीय. फक्त ती घंटा ओतणारा, दोर ओढणारा आणि वसईच्या खंदकात पडलेला मावळा हे तिघंही पाटीत मावले पाहिजेत, नाहीतर तुमची पाटी म्हणजे निवडणुकीचा फ्लेक्स.

पसरणीकर:
एवढं सगळं मावायला पाटी घंटेपेक्षा मोठी लागंल. आन घाटाच्या दगडाला ड्रिल मारून ठोकणार असाल तर माझा विरोध कायम, जुना घडीव दगड आहे, लोखंडी खांब रोवा बाजूला मातीत. मजकूर आधी ग्रामसभेत वाचून दाखवा.

मध्येच_एक:
ग्रामसभेत गेलं म्हणजे पुढच्या गणपतीपर्यंत निवांत.