मदत हवी आहे: त्रिनिदादचा पारिया बे, आईला नेता येईल का?

नमस्कार मंडळी. एप्रिलमध्ये आई आणि मी त्रिनिदादला ताईकडे जातोय. उत्तर किनाऱ्यावरचा पारिया बे बघायची फार इच्छा आहे. तिथे गाडीरस्ता नाही. ब्लँशिसूझहून जंगलातून साधारण दोन तास चालायचं, नाहीतर होडी. किनाऱ्यापासून जरा आत सुंदर धबधबाही आहे. आईचे गुडघे दुखतात, म्हणून होडीच बरी वाटते. पण त्या बाजूला समुद्र खवळलेला असतो. उतरताना कमरेएवढ्या पाण्यात उडी मारावी लागते का? पासष्टीच्या बाईला झेपेल? परतीची होडी आधीच ठरवावी लागते का? मार्च ते ऑगस्ट लेदरबॅक कासवं तिकडच्या किनाऱ्यांवर अंडी घालायला येतात, त्यांना त्रास नको म्हणून अंधारापूर्वी परतणारच आहोत. कुणी गेलं असेल तर कृपया मोकळेपणाने सांगा.