दातेरी पट्टीने काढलेला कोर ‘पिक केला’ म्हणायचा का?

सातवी_पिन:
काल इथे एकाने लिहिलं, “एसएफआयसी कोरला स्लीव्ह धरणारी दातेरी पट्टी लावणं म्हणजे परीक्षेत कॉपी. साध्या टेन्शन पट्टीने जमत नसेल तर नाद सोडा.” खाली टाळ्या वाजवणारेही जमले, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. नवख्यांसाठी: पिक करणं म्हणजे चावीशिवाय अवजारांनी कुलूप उघडणं, एसएफआयसी कोर म्हणजे खास कंट्रोल चावीने अख्खा बाहेर निघणारा कुलपाचा गाभा, आणि टेन्शन पट्टी म्हणजे पिना बसवताना वळणाचा ताण देणारी पट्टी.

या महाशयांनी बेस्ट कंपनीचा असा कोर आतून पाहिलाय का? इथे शिअर लाइन, म्हणजे पिनांचे सांधे जिथे आले की भाग फिरतो त्या रेषा, दोन असतात. प्लग (चावी जाते तो भाग) आणि त्याभोवतीच्या स्लीव्हच्या मध्ये ऑपरेटिंगची, म्हणजे रोजच्या चावीची; स्लीव्ह आणि बाहेरच्या खोळीच्या मध्ये कंट्रोलची, म्हणजे कोर काढायच्या चावीची. साध्या पट्टीने प्लगवर ताण दिला की तीन पिना या रेषेवर बसतात, चार त्या रेषेवर. हाताला वाटतं सगळ्या बसल्या, आणि प्लग ढिम्म. सात पिना, प्रत्येकीला दोन जागा, म्हणजे 128 जुळण्या आणि त्यातल्या कामाच्या फक्त दोन. यात कौशल्य कमी आणि नशीब जास्त.

पिना ठोकून काढण्यासाठी स्लीव्हच्या तळाला भोकं असतातच. पट्टीचे दात त्यात अडकवले की ताण थेट स्लीव्हवर जातो आणि भानगड एका रेषेवर येते. पिना मग कोण बसवतं, पट्टी? चावीच्या खाचांच्या ए-टू या मापपद्धतीत लागोपाठच्या दोन खाचांच्या खोलीतला फरक 0.0125 इंच, म्हणजे मिलिमीटरचा एक तृतीयांशही नाही. ते बोटांनाच कळावं लागतं.

निव्वळ_हुक:
मीच तो महाशय. कोर आतून पाहिलाय, स्वतः पिना भरून कप्पे बंद करणाऱ्या कॅपही ठोकल्यात. तुम्ही उघडता ते कंट्रोलला. 15 अंश फिरलं, कोर हातात आला, फोटो काढला, वाहवा मिळवली. रोजची चावी जिथे फिरते तिथे तुम्ही पोचलाच नाहीत. साध्या पट्टीने, अगदी हलक्या ताणाने ऑपरेटिंगला उघडणारे लोक आहेत. त्यांच्या आणि तुमच्या नावापुढे एकच पट्टा (कराटेसारखी आपल्याकडची श्रेणी) कसा लावायचा?

सातवी_पिन:
अख्खा कोर बाहेर आल्यावर दारात अडवायला काय उरतं, ते सांगा. कंट्रोल ही मोठी चावी आहे साहेब, छोटी नाही.

जुना_किल्लीवाला:
मोठी चावी आहे, म्हणूनच तोंड उघडतोय. तुम्ही हौशी लोक एका कोरची मजा बघता. एका व्यवस्थेतल्या सगळ्या कोरना कंट्रोल चावी एकच असते. एक कोर निघाला, कुणी पिना मोजल्या, की सगळी दारं गेली. हे चव्हाट्यावर मांडायची काय गरज? माझ्या एका ग्राहकाने असलाच व्हिडिओ पाहून सगळे कोर नव्याने भरून घेतले आणि बिल द्यायच्या वेळी म्हणाला, “मुळात विकलंतच का असलं?” हौस तुमची, शिव्या मला.

पिवळा_पट्टा:
काका, 2003 मध्ये संगणक-सुरक्षा संशोधक मॅट ब्लेझ यांनी छापूनच टाकलं की हातात एक साधी चावी आणि थोड्या कोऱ्या चाव्या असल्या तर मास्टर चावीच्या खाचा शोधून काढता येतात. पिकिंगची गरजही नाही. तेव्हा धंद्यातले लोक आधी चिडले, मग म्हणाले हे तर आम्हाला कधीचंच माहीत होतं. माहीत होतं तर ग्राहकाला का सांगितलं नाही?

जुना_किल्लीवाला:
सांगतो रे बाबा! ऐकतं कोण? खर्चाचा आकडा ऐकला की सगळ्यांना कमी ऐकू येतं.

चाव्यांची_ताई:
यावर मी बोलते. एका वसतिगृहात चाव्यांचं रजिस्टर माझ्याकडे होतं. कंट्रोल चावी हरवली. तसं लेखी कळवलं. उत्तर आलं, “कुणाला कळणार आहे?” फ्रँक बेस्टने हा कोर काढला तो चावी हरवली तर चटकन बदलता यावा म्हणून, आणि मी तिथून निघेपर्यंत एकही बदलला नव्हता. आता सांगा, मुलींच्या खोल्यांना धोका कुणाचा, आपल्याच टेबलावर आपलाच कोर पिक करणाऱ्याचा की त्या उत्तराचा?

जुना_किल्लीवाला:
ताई, त्या उत्तराचाच. पण म्हणून यांना पदक द्यायचं का?

पिवळा_पट्टा:
हॉब्स या अमेरिकन कुलूपवाल्याला दिलं होतं की. 1851 मध्ये लंडनला त्याने आधी चब कंपनीचं डिटेक्टर कुलूप उघडलं आणि मग ब्रामा कंपनीचं, दोन्ही तेव्हा अभेद्य म्हणून गाजलेली. तेव्हाही लोक म्हणाले, चोरांना शिकवताय.

जुना_किल्लीवाला:
पदक नाही, 200 गिनी (तेव्हाचं ब्रिटिश नाणं). आणि हॉब्स काही संत नव्हता, अमेरिकन कंपनीची कुलपं विकायला आला होता. ब्रामाचं कुलूप उघडायला 16 दिवसांत मिळून 51 तास लागले, तेही कुलपाभोवतीच्या लाकडाला यंत्र बसवून. ब्रामावाल्यांनी तेव्हाच बोंब मारली की असं यंत्र लावणं म्हणजे खरी परीक्षा नव्हे. अर्धवट वाचून यायचं आणि आम्हाला शिकवायचं!

सातवी_पिन:
थांबा, थांबा. म्हणजे खास अवजार लावलं, समोरच्याने कॉपी म्हटलं, आणि पंचांनी तरीही पैसे दिले? काका, आभारी आहे. निव्वळ_हुक, वाचताय ना?

जुना_किल्लीवाला:
मी तुमच्या बाजूने नाही बोललो!

निव्वळ_हुक:
वाचतोय. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या पंचांचा निकाल इथे कधीपासून लागू झाला, ते मात्र कुठे लिहिलेलं दिसलं नाही. असो. लावा दात. पण नोंदीत “कंट्रोलला उघडला” असं स्पष्ट लिहायचं, ऑपरेटिंगची यादी वेगळी ठेवायची आणि उघडल्यावर सातही कप्पे कॅमेऱ्यासमोर ट्रेमध्ये रिकामे करायचे. कप्प्यामागे तीन पिना, एक स्प्रिंग, एक कॅप. 35 तुकडे दिसले पाहिजेत, नाहीतर चार कप्पे रिकामे ठेवून कुणीही शूर होतं.

सातवी_पिन:
मास्टर चावीचा कोर असेल तर जादा पिनांमुळे 35 हून जास्तच दिसतील. माझी तयारी आहे. वेगळ्या यादीलाही हरकत नाही, त्यात आधी कुणाचं नाव येतं ते बघू. फक्त तुमचा ऑपरेटिंगचा गाजलेला व्हिडिओ परत पाहिला. प्लग फिरतो आणि तिथेच संपतो. ट्रे कुठाय?

निव्वळ_हुक:
कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती.

चाव्यांची_ताई:
अगं बाई!