विद्यार्थी थरारपट: पोस्टर, टीझर आणि इन्स्टा एकाच सिनेमाचे वाटावेत म्हणून काय करायचं?

काटापावती
नमस्कार मंडळी. मी सांगलीत मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचा १८ मिनिटांचा थरारपट 'साठ किलो' शूट होत आलाय. गोष्ट साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरची. ऊस खाली करून परत आलेली ट्रॉली नेहमीच्या रिकाम्या वजनापेक्षा ६० किलोंनी जड भरतेय, हे रात्रपाळीच्या क्लार्कच्या लक्षात येतं. ट्रॉलीत तर काहीच दिसत नाही. पुढचं सांगत नाही.

सिनेमाबरोबर ए-थ्री पोस्टर, ४० सेकंदांचा टीझर आणि इन्स्टाग्रामचं पान जमा करायचंय. गुण तिन्ही एकत्र बघून मिळणार. सध्या पोस्टरवर उसात पळणारा माणूस आहे, टीझर निळसर आहे, इन्स्टावर रक्ताचे शिंतोडे आणि ओघळणाऱ्या अक्षरांत नाव. मित्रांनी मनापासून केलंय आणि सुटं सुटं चांगलंही आहे, पण शेजारी ठेवलं की तीन सिनेमे वाटतात. सगळ्यावर एकच फिल्टर टाकून भागेल का? आणि पोस्टरसाठी व्हिडिओतलीच फ्रेम काढली तर चालेल?

निळी शाई
एक फॉन्ट, दोन रंग, नावाची जागा ठरलेली. एवढं टेम्प्लेट करा आणि सगळ्यांना तीच फाइल वापरायला लावा. निम्मं काम तिथेच होतं.

फ्रेममागची
टेम्प्लेट हवंच, पण ते नंतर. आधी दाखवायचं काय ते ठरवा. मी कोल्हापुरात शॉर्टफिल्मसाठी स्टिल्स आणि पोस्टर करते, आणि तुमची गोष्ट वाचून खरंच हेवा वाटला. तुमच्याकडे भीती एका आकड्यातून येते! पळणारा माणूस आणि रक्त कुठल्याही थरारपटाला लावता येईल. काट्याच्या डिस्प्लेवरचा लाल आकडा फक्त तुमचा आहे, तोच तिन्हीकडे न्या.

दिग्दर्शक ऑटो प्रेमिंजर यांच्या १९५९ च्या 'अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर'साठी ग्राफिक डिझायनर सॉल बास यांनी तुकड्यातुकड्यांची मानवाकृती केली. पोस्टरवर ती पूर्ण दिसते, श्रेयनामावलीत तिचेच अवयव सुटे होऊन येतात. आकृती तीच, काम वेगळं. तुमच्या पोस्टरवर आकडा स्थिर असू दे, टीझरमध्ये तो बदलताना दिसू दे, आणि इन्स्टावर प्रत्येक पोस्ट म्हणजे एक काटापावती: वेळ, खेप, वजन. सगळ्या पावत्या नॉर्मल. शेवटचीच तेवढी ६० ने जास्त. हे जादा ६० किलो कशाचे, ते मात्र कुठेच येऊ देऊ नका. कॅप्शनमध्येसुद्धा.

फ्रेम काढू नका. फुल एचडी फ्रेम १९२० × १०८० ची. उभ्या पोस्टरला त्यातला जेमतेम ७६४ × १०८० चा तुकडा उरतो, आणि ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) ए-थ्रीला ३५०८ × ४९६१ पिक्सेल लागतात. चेहरा फुटणारच. शूट संपलं नाहीये ना? मग त्याच लायटिंगमध्ये, ट्रायपॉडवर, स्टिल कॅमेऱ्याने अर्धा तास मागून घ्या. दिग्दर्शक कुरकुरेल, तरी घ्या. डिस्प्ले टिपताना शटर १/५० सेकंद किंवा त्याहून हळू ठेवा. वेगवान शटरला काही आकडे अर्धवट येतात किंवा येतच नाहीत, कारण असे डिस्प्ले बरेचदा आळीपाळीने लुकलुकत असतात. शिवाय लाल एलईडी जास्त एक्स्पोज झाला की नारिंगी-पांढरा होतो. म्हणून आकड्यासाठी एक कमी एक्स्पोजरचा फोटो वेगळा काढा आणि नंतर जोडा.

रंगाचं म्हणाल तर रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमधून ग्रेडची, म्हणजे सिनेमाला दिलेल्या रंगछटेची, क्यूब फाइल काढून फोटोशॉपच्या कलर लुकअपमध्ये घालता येते. फक्त लॉग फुटेजसाठी (कॅमेऱ्यातून मुद्दाम फिकट घेतलेल्या शूटसाठी) केलेलं रूपांतर त्यात नको, जेपीजी फोटो जळल्यासारखे दिसतील.

नावाबद्दल मी जरा हट्टी आहे. ओघळणारी अक्षरं काढाच. फोटोशॉपमध्ये 'किलो'ची वेलांटी क च्या पुढे पडत असेल, तर मजकुराचं सेटिंग 'वर्ल्ड-रेडी लेआउट' करा. आणि ल मराठी वळणाचाच हवा. पुष्कळ फॉन्टांत आपोआप हिंदी वळणाचा ल येतो, आणि तुमच्या नावात तो अगदी शेवटी बसलाय. टायरो देवनागरी मराठीमध्ये मूळचाच आपला ल आहे, आणि फॉन्ट मोफत आहे. अक्षरं छापील पावतीसारखी शांत असली की लाल आकडा जास्त बोचतो.

गव्हाणीवरचा
माझं लहानपण कारखान्याच्या कॉलनीत गेलं, म्हणून एक सांगतो. मोठ्या ट्रककाट्यांना १० किलोंचा टप्पा सर्रास असतो. म्हणजे शेवटचा आकडा कायम शून्य. पावत्यांवर ७ किंवा ३ ने संपणारं वजन छापलंत तर आमच्याकडची माणसं पहिल्या पोस्टलाच ओळखतील की हे काट्यावर कधी गेले नाहीत. तुमच्या काट्याचा टप्पा किती, ते तिथल्या क्लार्कला विचारून घ्या.

काटापावती
ताई, आकडा सगळ्यांना पटला. पोस्टरवाला तर लगेच कामाला लागलाय. दादा, शून्याचं लक्षात ठेवतो. एकच अडचण आहे: पोस्टरवर नटाचा चेहरा हवाच, असं दिग्दर्शकाचं म्हणणं आहे.

फ्रेममागची
मग घ्या की. केबिनच्या काचेबाहेरून फोटो काढा. आत क्लार्क, आणि काचेवर डिस्प्लेचं प्रतिबिंब त्याच्या गालावरून गेलेलं. प्रतिबिंबात आकडे उलटे दिसतील, ते तसेच राहू द्या, सरळ करू नका. टीझरची पहिली फ्रेमही हीच ठेवा, म्हणजे पोस्टर पाहिलेल्याला लगेच ओळख पटेल.

छापायला देण्याआधी ए-फोरवर एक नमुना काढून बघा. रात्रीचे फोटो कागदावर स्क्रीनपेक्षा गडद येतात आणि स्क्रीनवरचा झगझगीत लाल सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, मंदावतो. चेहऱ्याची सावलीकडची बाजू थोडी उजळून ठेवा.