प्रतिसाद: शुगर फक्त गोळ्यांमुळेच?

'डोक्याच्या गोळ्यांनीच शुगर होते, बंद करा' असं वर कुणीतरी लिहिलंय. अर्धंच खरं आहे ते. ओलान्झापिन, क्लोझापिन या मानसिक आजारावरच्या गोळ्यांनी भूक खवळते, कबूल. मेंदूतले हिस्टामिन-सेरोटोनिन या रसायनांचे काही रिसेप्टर (संदेश घेणाऱ्या जागा) त्या अडवतात, पोट भरल्याचं कळतच नाही. या गोळ्या घेणारी आमची सोलापूरची मावशी दिवसभर बसून विड्या वळायची आणि रात्री अकराला उठून कडक भाकरी, शेंगाचटणी, वर तेल!

पण मानसिक आजार असलेल्या घराण्यांत मधुमेह बऱ्याचदा दिसतो, हे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ हेन्री मॉडस्लींनी १८७९ मध्येच लिहिलं होतं. तेव्हा कुठल्या आल्या या गोळ्या? यातलं पहिलं औषध क्लोरप्रोमाझिन, तेसुद्धा १९५० नंतरचं. एकही गोळी न घेतलेल्या नव्या सायकोसिसच्या (भास-भ्रम होणाऱ्या आजाराच्या) रुग्णांतही इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही, असं आढळलंय. शिवाय सततच्या ताणाने कॉर्टिसॉल हे हार्मोन वाढलं की यकृत साखर सोडत राहतं.

गोळी परस्पर बंद करू नका. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्ततपासणी) करा, कंबर मोजा आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालेल का, हे डॉक्टरांनाच विचारा.