मदत हवी आहे: समितीची सभा होत नाही म्हणून घराची बांधकाम परवानगी अडली आहे

आगरवाट
नमस्कार. आजोबांच्या वेळचे मोडकळीस आलेले घर उतरवून त्याच जोत्यावर नवे घर बांधण्यासाठी आम्ही शिमग्यानंतर परवानगीचा अर्ज दिला. पावसाळा संपला तरी होकार नाही आणि नकारही नाही. चौकशीला गेले की एकच उत्तर मिळते, की विषय अजून समितीपुढे गेलेला नाही आणि सभा केव्हा होईल ते सभापतींना विचारावे. समिती असे अर्ज कोणत्या क्रमाने विचारात घेते, अर्जदाराला सभेत म्हणणे मांडता येते का, आणि सभा लवकर लागावी यासाठी कोणाला भेटावे? चिऱ्यांचे आणि गवंड्याचे आगाऊ पैसे दिलेले आहेत. हा उन्हाळा हुकला तर काम थेट पुढच्या वर्षावर जाईल, म्हणून कृपया नेमके सांगावे.

सुरंगी
आपले गाव ग्रामपंचायतीत येते, नगरपंचायतीत की नगरपरिषदेत, हे आपण लिहिलेले नाही. ग्रामपंचायत असेल आणि जागा गावठाणाबाहेर असेल, तर परवानगी नगररचना अधिनियमाच्या कलम 18 खाली जिल्हाधिकारी देतात आणि तेथे कोणत्याही समितीचा प्रश्नच येत नाही. शिवाय "समिती" म्हणजे कोणती समिती?

आगरवाट
नगरपरिषद आहे. नाव देत नाही, कारण कागद अजून त्यांच्याच हातात आहे. समिती म्हणजे नियोजन आणि विकास समिती.

वहाळकाठ
कोकणात परवानगी अडण्याचे खरे कारण सातबाऱ्यावर असते, असा माझा ठाम अनुभव आहे. आमच्या सातबाऱ्यावर मुंबईतील चुलत घराण्यांची नावे होती आणि एकाही सहहिस्सेदाराचे संमतिपत्र नसल्यामुळे आमची फाईल वर्षभर जागची हलली नाही. शेवटी जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडून वाटप करून घेतले, मोजणी आणली आणि मगच वाट मोकळी झाली. तुम्हीही आधी वाटप करून घ्यावे.

आगरवाट
सातबारा माझ्या वडिलांच्या एकट्याच्या नावावर आहे, मोजणीची "क" प्रत जोडलेली आहे. माझा प्रश्न समितीबद्दल आहे.

नकाशाघर
मी या जिल्ह्यात नकाशे दाखल करण्याचे काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 यातील कलम 44 खाली अर्ज होतो आणि कलम 45 खाली त्यावर निर्णय होतो. हे अधिकार कायद्याने नियोजन प्राधिकरणाचे, म्हणजे येथे नगरपरिषदेचे, असले, तरी कलम 152 प्रमाणे नगरपरिषदेत ते मुख्याधिकाऱ्यांनी वापरायचे असतात. नियोजन आणि विकास समिती ही नगरपरिषद अधिनियमातील विषय समिती आहे. ती धोरणावर आणि कामांवर चर्चा करते, पण एखाद्या घराचा नकाशा मंजूर करणे किंवा रोखणे हा तिचा विषय नव्हे. 2022 नंतर अनेक नगरपरिषदांवर प्रशासक होते आणि निवडून आलेल्या समित्या अस्तित्वातच नव्हत्या, तरीही त्या काळात परवानग्या निघत होत्याच, एवढे उदाहरण पुरेसे आहे. तेव्हा सभेची वाट पाहण्याचे काही कारण नाही. आपल्याला एखादे त्रुटीपत्र आले होते का, आणि जागा खाडीपासून किती अंतरावर आहे, हे आधी सांगावे.

पोफळबाग
इतका खल कशासाठी? कलम 45 मध्येच लिहिले आहे, की 60 दिवसांत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाते. मी याच आधारे नगरपरिषदेला पत्र दिले, पत्राची पोच घेतली आणि पायाभरणी केली. आजवर कोणी विचारायला आले नाही. आगरवाट यांनीही हेच करावे.

नकाशाघर
पोफळबाग यांचा सल्ला धोक्याचा आहे आणि तो इथे तसाच राहू देणे मला योग्य वाटत नाही. 60 दिवस अर्जाच्या तारखेपासून, किंवा प्राधिकरणाने काही मागितले असेल तर अर्जदाराने दिलेल्या उत्तराच्या तारखेपासून, यांपैकी जी तारीख नंतरची असेल तिच्यापासून मोजतात. दुसरे असे, की प्रस्ताव विकास आराखडा आणि नियमावलीशी तंतोतंत जुळत असेल तरच मानीव परवानगी लागू होते. विसंगत बांधकाम कलम 52 आणि पुढील कलमांखाली अनधिकृतच ठरते. तिसरे सर्वांत महत्त्वाचे. सीआरझेडची, म्हणजे समुद्र-खाडीकाठच्या किनारा नियमन क्षेत्राची, अधिसूचना पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, 1986 खालची आहे, आणि नगररचना कायद्यातील मानीव परवानगीने तिची अट पुसली जात नाही.

पोफळबाग
माझी जागा सीआरझेडमध्ये नाही आणि माझा नकाशा नियमात होता. कार्यालयाने वेळेत उत्तर द्यायचे नाही आणि भुर्दंड मात्र अर्जदाराने भरायचा, हे मला पटत नाही. कायद्याने दिलेली मुदत वापरली नाही तर ती लिहिली कशाला?

सुरंगी
मुदत जरूर वापरावी, पण आगरवाट यांची जागा खाडीकाठची आहे की नाही, हेच आपल्याला अजून कळलेले नाही.

खाजणबांध
नगरपरिषदेत समितीपुढे म्हणणे मांडता येते, ते विकास आराखड्याच्या वेळी. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यापासून 30 दिवसांत हरकती व सूचना द्यायच्या असतात आणि कलम 28 खालची वेगळी नियोजन समिती त्यांची सुनावणी घेते. तीत प्राधिकरणाचे तीन सदस्य आणि संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. आमच्या वाडीतील पाणंद आराखड्यात रुंद रस्ता म्हणून दाखवली होती, तेव्हा आम्ही सर्वांनी मिळून असेच म्हणणे मांडले होते. आपल्या आगरातून एखादे आरक्षण गेले आहे का, तेही पाहून घ्यावे.

आगरवाट
आरक्षण नाही, झोन दाखल्यात रहिवास विभाग आहे. घर खाडीकडेच आहे. मोजणीदाराच्या नकाशात भरतीरेषेपासून जोत्यापर्यंत 70 मीटर अंतर दाखवले आहे आणि समोर खाडी त्याहून बरीच रुंद आहे. कांदळवन पलीकडच्या तीरावर आहे, आमच्या बाजूला नाही. त्रुटीपत्र आले होते. त्यात एकच ओळ आहे: "भरतीरेषेचे अंतर दर्शविणारा प्रमाणित नकाशा जोडलेला नाही." त्याला आम्ही मोजणीदाराचा नकाशा जोडून उत्तर दिले; त्या उत्तराच्या पोचेवर शिक्का आणि आवक क्रमांक आहे. त्यानंतर पत्र नाही, फक्त समितीचे तोंडी उत्तर.

नकाशाघर
आता चित्र स्पष्ट झाले. आपला अर्ज समितीमुळे अडलेला नसून या 70 मीटरमुळे अडलेला असावा. सीआरझेडच्या 2011 च्या अधिसूचनेत खाडीसाठी 100 मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी कमी असेल ते अंतर धरले जाई. 18 जानेवारी 2019 च्या अधिसूचनेत 100 च्या जागी 50 मीटर आले. म्हणजे जुन्या मोजमापाने आपले जोते सीआरझेडच्या आत येते आणि नव्या मोजमापाने बाहेर पडते. मात्र नवे अंतर लागू होण्यासाठी 2019 च्या अधिसूचनेनुसार सुधारलेला किनारा व्यवस्थापन आराखडा मंजूर असावा लागतो. तेव्हा नगरपरिषद आपल्या सर्व्हे नंबरासाठी कोणता आराखडा धरते आहे, हे लेखी विचारावे. मोजणीदाराने स्वतः आखलेली भरतीरेषा येथे चालत नाही. मंजूर आराखड्याच्या 1:4000 प्रमाणाच्या नकाशावर आपला सर्व्हे नंबर दाखवून द्यावा लागतो. त्यांचे त्रुटीपत्र योग्य होते. पण उत्तर पोचल्यावरही ते अपुरे आहे असे न कळवणे चुकीचे आहे.

वहाळकाठ
जागा आत निघालीच तर मग मुंबईला राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे प्रस्ताव जाणार आणि दोन वर्षे त्यातच जाणार. त्यापेक्षा वरच्या सड्यावर जागा पाहावी.

नकाशाघर
तसे होईलच असे नाही. 2019 च्या अधिसूचनेत सीआरझेडच्या 2 आणि 3 या वर्गांतील 300 चौरस मीटरपर्यंतच्या स्वतःच्या राहत्या घरासाठी राज्य प्राधिकरणाच्या शिफारशीची गरज नसून, अधिसूचनेच्या दृष्टीने तपासणी करून स्थानिक संस्थाच मंजुरी देऊ शकते. वडिलोपार्जित जागा सोडण्याचा सल्ला इतक्या लवकर देऊ नये.

आगरवाट
आमचे एकूण बांधकाम त्याहून कमी आहे. मग आता नेमके कोणाला आणि काय लिहू? सभापतींकडे जाणे सोडून देतो.

सुरंगी
पत्र मुख्याधिकाऱ्यांच्या नावे द्यावे. त्यात कलम 45 खाली अर्जावर निर्णय द्यावा, किंवा नामंजूर असल्यास कारणांसह लेखी कळवावे, एवढेच मागावे. लेखी नकार मिळाला तर कलम 47 खाली 40 दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते, तोंडी उत्तरावर मात्र कोठेच जाता येत नाही. सोबत माहितीच्या अधिकारात आपल्या फाईलमधील टिपणीच्या पानांच्या प्रती मागाव्यात. समितीपुढे ठेवण्याचा शेरा कोणी, कोणत्या नियमाने लिहिला, किंवा तो लिहिलेलाच नाही, हे त्यातून कळेल.

नकाशाघर
त्या पत्राला 1:4000 नकाशाच्या उताऱ्याची प्रमाणित प्रत, "क" प्रत आणि एकूण बांधकाम क्षेत्राचा तक्ता जोडावा, आणि पूर्वीच्या त्रुटीपत्राचा जावक क्रमांक विषयातच लिहावा. 60 दिवसांची नवी मोजणी याच पत्राच्या पोचेपासून धरावी. तोवर जुने घर उतरवू नये, कारण त्याचे आजचे जोते आणि घरपट्टीची नोंद हा आपला सर्वांत भक्कम पुरावा आहे.