बीआरसीए चाचणी आधी कोणी करावी?

प्रश्न: माझ्या थोरल्या बहिणीला ३८व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला असून आमच्या आत्याला अंडाशयाचा कर्करोग होता. मी लगेच जनुकीय चाचणी करून घ्यावी का?

उत्तर १: आधी जनुकीय समुपदेशकांना (आनुवंशिक आजारांचा धोका व चाचणी समजावून सांगणाऱ्या तज्ज्ञांना) भेटा, आणि चाचणी शक्यतो प्रथम बहिणीची होऊ द्या. तिच्यात बीआरसीए १ किंवा २ या जनुकांमधील (ज्यांतील बिघाडाने स्तन व अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो) रोगकारक बदल सापडला, तरच तुमच्या अहवालातील ‘बदल नाही’ या निष्कर्षावर विसंबता येते. समुपदेशक किमान तीन पिढ्यांची वंशावळ मांडतात आणि वडिलांकडची बाजूही तितक्याच बारकाईने विचारतात, कारण पुरुषांकडूनही हा बदल पुढे जातो व प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. आपल्याकडे आत्याचा आजार सांगायचा राहून जातो. तुम्ही तो नोंदवलात, हे फार महत्त्वाचे आहे.

उत्तर २: अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असा, म्हणजे रोगकारक आहे की नाही हे अजून ठरलेले नाही असा, बदल आला, तर केवळ त्याच्या आधारे शस्त्रक्रियेला होकार देऊ नका.

प्रश्नकर्ती: रोगकारक बदल आढळलाच, तर अंडाशय लगेच काढतात का?

उत्तर १: नाही. बीआरसीए १ असल्यास साधारण ३५ ते ४० आणि बीआरसीए २ असल्यास ४० ते ४५ या वयात, अपत्यांचा निर्णय पूर्ण झाल्यावर, अंडाशय व बीजवाहिन्या काढण्याचा सल्ला देतात. स्तनांची वार्षिक एमआरआय मात्र २५व्या वर्षापासूनच सुचवली जाते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात अशा कुटुंबांसाठी स्वतंत्र चिकित्सालय आहे. बहिणीचे सर्व अहवाल सोबत न्या.